बिनपगारी, फुल जबाबदारी

बाळ तीन दिवसांचं होतं तेव्हा आशाताई घरी येते. आधी साबणाने हात धुते, ते कशालाही न पुसता वाळू देते आणि मग बाळंतिणीशेजारी बसते. पिशवीतून स्प्रिंगचा वजनकाटा आणि त्याची कापडी झोळी निघते. रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणायचा, बाळ झोळीत ठेवायचं, काटा डोळ्यांच्या रेषेत उचलून आकडा वाचायचा. मग बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला करून श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर गाठायचा दवाखाना. मग काखेत थर्मामीटर, बेंबीवर नजर, आई अंगावर पाजते आहे ना याची चौकशी आणि शेवटी फॉर्म. अशाच भेटी सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात.

या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये.

हा पगार नव्हे. सरकारी भाषेत हा कामावर आधारित मोबदला. कारण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकवस्तीमागे एक अशी जी ‘आशा’ नेमली गेली, ती कर्मचारी नाही, मानद स्वयंसेविका आहे. देशात अशा दहा लाखांच्या घरात बायका आहेत. गल्लीत उगाच लुडबुड करणाऱ्याला आपण ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणून हसतो. आशाताईच्या वाट्याला त्यातलं बिनपगारी तेवढं आलं. अधिकाराच्या जागी जबाबदारी बसली.

पण हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. इंग्लंडपासून इथिओपियापर्यंत सार्वजनिक आरोग्याची इमारत ज्या खांबांवर उभी आहे, त्यातले कितीतरी खांब पगारपत्रकावर नाहीत. कोणी आठवड्याचे दोन तास देतो, कोणी सगळा दिवस. कोणी हौसेने येतो, कोणाला दुसरा इलाज नसतो. सगळ्यांना शब्द मात्र एकच, स्वयंसेवक. तो शब्द खरा कुठे आणि सोयीचा कुठे, हे तपासायला एक साधी कसोटी पुरते: त्या माणसाला ‘आज जमणार नाही’ म्हणता येतं का?

सुरुवातीच्या काळात ही कसोटी लावायची गरज पडत नव्हती. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी चर्चमध्ये आणून टाकलेल्या जखमी सैनिकांना पाणी पाजलं, जखमा बांधल्या. कोण कुठल्या फौजेचा हे विचारलं नाही. धंद्याच्या कामाने तिथे आलेल्या हेन्री ड्युनांने ते पाहिलं आणि त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉस उभी राहिली. पुण्यात १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत गावाबाहेर रुग्णांची शुश्रूषा करत होते. संसर्ग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. त्याच पुण्यात प्लेग हटवायला सोजिरांना घराघरांत घुसवणारी सरकारी मोहीमही त्याच महिन्यात सुरू झाली. लोकांनी कोणाला दार उघडलं आणि कोणाला नाही, हे सांगायला नको. आपल्या ओळखीचा माणूस आणि हुकमाचा माणूस यांतला हा फरक सार्वजनिक आरोग्याला पुढेही वारंवार भेटत राहिला.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट महाराष्ट्राला शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे पाठ आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, आणि १९४२च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी हेबेई प्रांतात वारले. आपल्याकडे कमी ठाऊक आहे ते असं, की त्याच हेबेईत, तिंग नावाच्या तालुक्यात, त्याआधी काही वर्षं एक वेगळा प्रयोग होऊन गेला होता. डॉ. चेन झिच्यान यांनी गावातलेच शेतकरी निवडले, त्यांना थोड्या दिवसांचं शिक्षण दिलं आणि मोजक्या औषधांची पेटी दिली. देवी टोचायच्या, जन्म-मृत्यूची नोंद ठेवायची, विहिरी स्वच्छ राखायच्या, किरकोळ दुखणी बघायची. एकीकडे दूरदेशीहून आलेला थोर डॉक्टर, दुसरीकडे गावातलाच अर्धशिक्षित शेतकरी. चित्रपट पहिल्यावर निघाला. जगाने नक्कल केली ती दुसऱ्याची.

पुढे चीनमध्येच याची मोठी आवृत्ती निघाली. १९६५ मध्ये माओने आरोग्यव्यवस्था खेड्याकडे वळवायला सांगितलं आणि तीन-चार वर्षांत ‘अनवाणी डॉक्टर’ हा शब्द जगभर गेला. सत्तरच्या दशकात त्यांची संख्या दहा लाखांवर पोचली होती. परदेशी पाहुण्यांना त्यांचा त्याग दिसला. त्यांच्या नावावर रोज पडणारे श्रमगुण फारसे कोणाला दिसले नाहीत. शेतात राबणाऱ्याला कम्यूनकडून जसे गुण मिळत आणि त्यावर धान्य मिळे, तसेच या डॉक्टरांनाही मिळत. ऐंशीच्या दशकात कम्यून मोडले, श्रमगुण गेले आणि त्यांच्यामागोमाग अनवाणी डॉक्टरही गेले. १९८५ मध्ये सरकारने ते नावच रद्द केलं. सेवाभाव एका रात्रीत आटला नव्हता, चूल पेटवायची सोय गेली होती.

महाराष्ट्रात या विचाराची स्वतंत्र पाळंमुळं आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. शिकलेल्या नर्सबाईंनी गावोगाव जाऊन राहावं हा पहिला बेत होता. तो फसला, कारण शहरातून आलेल्या एकट्या बाईला खेड्यात राहणं सोयीचं नव्हतं आणि गावालाही ती परकीच वाटे. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, शिकायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन सांगायच्या. ज्या बाईच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, तिच्या हाताने बाळंतपणं होऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी अल्मा-आटाच्या परिषदेत जगाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा केली होती. तिच्यामागे ज्या मोजक्या जागांचे दाखले होते, त्यांत जामखेड होतं.

सरकारने मात्र जामखेडचं फक्त वरचं टरफल उचललं. जनता पक्षाच्या काळात २ ऑक्टोबर १९७७ला बहुतेक राज्यांत ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिन्याला ५० रुपये. निवड झाली ती बहुतेक पुरुषांची, अनेक गावांत पुढाऱ्यांच्या मर्जीतल्यांची. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला पाऊल टाकता येत नाही, त्याच्यावर माता-बालकांचं आरोग्य सोपवलं गेलं. पुढची गंमत नावांची. आधी तो ‘कार्यकर्ता’ होता, म्हणजे कामगार. कामगार म्हटलं की किमान वेतन आलं, हक्क आले, कोर्ट आलं. लवकरच तो ‘स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ मध्ये ‘मार्गदर्शक’. पन्नास रुपये पन्नासच राहिले. संघटना झाल्या, दावे झाले, केंद्र राज्याकडे बोट दाखवू लागलं आणि राज्य केंद्राकडे, आणि योजना विझत गेली. भारतात आरोग्यखात्यात ‘स्वयंसेवक’ हा शब्द कसा रुजला, याचा हा इतिहास आशांच्या संघटनांनी फलकावर लिहून ठेवावा असा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने वेगळ्या टोकाने सुरुवात केली. मुलं कशाने मरतात, हे आधी मोजलं. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, पण अक्षरशत्रू दायांना दहा-बाराच्या पुढे मोजणं जड जाई. तेव्हा त्यांच्यासाठी लाकडी चौकटीतलं एक साधन बनलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ठरावीक मणी संपले आणि वाळू अजून पडतेच आहे, तर न्यूमोनिया. या एका युक्तीत आरोग्यस्वयंसेवकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे: माणूस अडाणी आहे म्हणून काम सोडून द्यायचं नसतं, काम माणसाच्या हातात बसेल असं घडवायचं असतं. ३९ गावांत आरोग्यदूत घरोघर जाऊन नवजात बाळं तपासू लागले. पहिल्या चार आठवड्यांत दगावणारी बाळं हजारामागे ६२ होती, ती तीन वर्षांत २५वर आली. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे छापलं. आज आशाताईच्या पिशवीत जो वजनकाटा आणि जी भेटींची यादी आहे, ती २०११ मध्ये राष्ट्रीय धोरण होऊन तिच्यापर्यंत आलेली गडचिरोलीच आहे. मधल्या वाटेवर गळालं ते गडचिरोलीतलं बारीक लक्ष: दर पंधरवड्याला येणारा पर्यवेक्षक, संपलं की लगेच भरलं जाणारं औषध.

आता जिथे स्वयंसेवकांशिवाय काम झालंच नसतं, त्या जागा.

नारू हा शब्द पन्नाशीच्या आतल्या मराठी वाचकाला कदाचित अनोळखी असेल. बारवेच्या, पायविहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा, वर्षभराने पायातून हात-दीड हात लांब दोऱ्यासारखा बाहेर पडणारा कृमी. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. यावर लस नाही, औषध नाही. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता. २०२३ मध्ये सगळ्या जगात माणसांत १४ रुग्ण सापडले. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. हे ज्यांनी केलं ते आफ्रिकेत आणि आशियात गावागावांतले बिनपगारी लोक होते. रोज घरोघर विचारायचं, नारू बाहेर पडू लागलेला माणूस पाण्यात उतरू नये म्हणून लक्ष ठेवायचं, पाणी गाळायला कापड वाटायचं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या अटलांटातल्या संस्थेने यासाठी चार दशकं पाठपुरावा केला, हे खरं. पण कोणाच्या पायाला फोड आला आहे ही बातमी अटलांटात बसून कळत नाही.

आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वाची गोष्टही याच जातीची. मर्क कंपनीने १९८७ मध्ये त्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन फुकट द्यायचं कबूल केलं, पण वाटणार कोण? गावाने आपला माणूस निवडला. त्याच्या हातात वजनकाटा नव्हता, खुणा केलेली एक काठी होती. माणसाला काठीशेजारी उभं करायचं आणि डोकं ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या द्यायच्या. युगांडात पुढे असं दिसलं, की वाटप भाऊबंदकीनुसार केलं, म्हणजे ज्याने त्याने आपल्याच कुळातल्या घरांना गोळ्या दिल्या, तर काम हलकं होतं आणि वाटणारे टिकतात. आपल्याकडच्या कोणत्याही गावकऱ्याने हे न शिकता सांगितलं असतं. चुलत्याच्या घरी गोळ्या द्यायला जाणाऱ्याला प्रवासभत्ता लागत नाही.

नेपाळने १९८८ पासून उभ्या केलेल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका आज पन्नास हजारांवर आहेत. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि कार्तिकात, त्या वस्तीतल्या लहान मुलांना गोळा करतात, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं टोक कात्रीने कापतात आणि थेंब तोंडात पिळतात. दोन दिवसांचं काम, बाकी वर्षभर थोडंथोडं. त्यांच्या मानधनाचा प्रश्न निघाला तेव्हा २०१०च्या एका अभ्यासात धोरणकर्त्यांकडून एक म्हणणं पुढे आलं: पगार परवडणारा नाही आणि पगार दिला तर त्यांचा गावातला मान कमी होईल. यातला पहिला भाग हिशेबाचा आहे. दुसऱ्या भागाबद्दल इतकंच म्हणता येतं, की पगार घेतल्याने डॉक्टरांचा किंवा आरोग्यसचिवांचा मान कमी झाल्याचं कुठे ऐकिवात नाही.

मग स्वयंसेवा खरीखुरी कुठे दिसते? जपानच्या नागानो प्रांतात १९४५ पासून एक पद्धत आहे. मोहल्ल्यातल्या बायका पाळीपाळीने दोन-दोन वर्षं आरोग्यसाथी होतात. एके काळी तिथे डोंगराळ थंडी, खारवलेल्या भाज्या आणि खारट मिसो सूप यांमुळे पक्षाघाताने पटापट माणसं जात. या बायका घरोघर जाऊन सूपमधलं मीठ मोजत. आता शेजारणीच्या स्वयंपाकाला मीठ जास्त झालंय, हे तिच्या तोंडावर सांगायला शेजारीणच लागते. तिथे खात्याचा माणूस कामाचा नाही. नागानो पुढे जपानमधला सर्वाधिक आयुर्मानाचा प्रांत ठरला. याला इतरही कारणं आहेत, पण दोन वर्षांनी सुटका होणारी पाळी हे या पद्धतीचं मर्म आहे. तिथे ‘आता दुसरीला द्या’ म्हणता येतं.

केरळमध्ये १९९३ साली कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करणारा एक छोटा दवाखाना सुरू झाला. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की महिनोन्महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाला डॉक्टर लागतो थोडा आणि शेजारी लागतो फार. मग मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांची जाळी तयार झाली. आठवड्याला दोनेक तास देऊ शकणारा कोणीही चालतो. सोळा तासांचं शिक्षण मिळतं. जखम धुणं, कूस बदलणं नर्स दाखवते. स्वयंसेवक घरात तांदूळ आहेत का बघतो, मुलांची फी भरली का विचारतो आणि बऱ्याचदा नुसता बसतो. पैसे विद्यार्थ्यांकडून, दुकानदारांकडून, मजुरांकडून गोळा होतात. २००८ मध्ये राज्य सरकारने यासाठी धोरण केलं. नर्सला पगार आहे, औषधाला यंत्रणा आहे, आणि त्याच्या भोवती शेजारधर्म आहे. हा क्रम महत्त्वाचा.

अमेरिकेने तर हा शेजारधर्म कायद्यात घातला. तिथल्या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिसला रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांकडून भरून काढावे लागतात. मरणाऱ्या माणसाजवळ पगारी नसलेलं कोणीतरी बसलेलं असावं, असं कलमात लिहिणारा देश एरवी आरोग्यसेवेतल्या प्रत्येक बँडेजचं बिल करतो, ही विसंगती मजेशीर आहे. पण पाच टक्के हा आकडा शहाणपणाचा आहे. पन्नास नाही.

झिंबाब्वेत २००६ च्या सुमारास सव्वा कोटीच्या वर लोकसंख्येला डझनभर मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांतल्या डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका रुग्ण मुलीने, बसभाड्याचे पंधरा डॉलर नसल्यामुळे दवाखान्यात येता न आल्याने, जीव दिला. त्यानंतर त्यांनी हरारेच्या एका वस्तीत चौदा आज्या हाताशी धरल्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकला. नाव दिलं मानसिक आरोग्य बाक. कोणी फिरकेना. आज्यांनी सांगितलं, नाव बदला, मैत्रीचा बाक म्हणा. शब्दही शोना भाषेतला धरला, ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्णांपैकी आजीपाशी बसलेल्यांत सहा महिन्यांनी लक्षणं उरलेले १४ टक्के होते, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ५० टक्के. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेनेही सरकारी आरोग्यकेंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून पाहिले होते आणि २०१० मध्येच त्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध झाले होते. हरारेतल्या आज्या आणि गोव्यातले समुपदेशक या दोघांनाही मोबदला होता, तुटपुंजा का होईना.

इच्छा मुबलक आणि यंत्रणा तोकडी असली की काय होतं, ते ब्रिटनने मार्च २०२० मध्ये दाखवलं. सरकारने अडीच लाख स्वयंसेवक मागितले. चार दिवसांत साडेसात लाखांनी नावं नोंदवली आणि नोंदणी थांबवावी लागली. औषधं पोचवायची, एकट्या म्हाताऱ्यांशी फोनवर बोलायचं, असं काम मोबाइलवरच्या ॲपमधून येणार होतं. अनेकांनी बटण चालू करून दिवसचे दिवस वाट पाहिली. काम आलंच नाही. त्याच आठवड्यांत थायलंडच्या दहा लाखांवर ग्रामस्वयंसेवकांनी बँकॉकहून गावी परतणाऱ्या मजुरांच्या घरांची दारं ठोठावून झाली होती. तिथे ही व्यवस्था १९७७ पासून आहे. एकाकडे दहा-पंधरा घरं, महिन्याला तेव्हा हजार बाट भत्ता. चीनबाहेरचा पहिला निश्चित कोविडरुग्ण १३ जानेवारी २०२०ला थायलंडमध्येच सापडला होता, तरी पहिली लाट तिथे लवकर आटोक्यात आली. त्यांच्याकडे ॲप नव्हतं अशातला भाग नाही. कुठल्या घरी कोण आलंय, हे त्यांना आधीच माहीत होतं.

रक्तदान हा महाराष्ट्राचा जिव्हाळ्याचा विषय. गणेशोत्सव असो, शिवजयंती असो की नेत्याचा वाढदिवस, मांडवात खाटा लागतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं, की विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान मिळालेलं रक्त सुरक्षित असतं, कारण पैशासाठी रक्त देणारा आजार लपवतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. इथे मोबदला नको, हे बरोबरच आहे: वीस मिनिटांचं काम, वर्षातून तीनदा, कधीही नाही म्हणता येणारं. हेल्मेट आणि बॅगा वाटून दाते ओढणाऱ्या आयोजकांनी टिटमस वाचला नसेल, पण तो त्यांना उद्देशून आहे.

रक्तदात्याला कोणी मारत नाही. दारोदार जाणाऱ्याला मारतात. डिसेंबर २०१२ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांत बायका होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातले आठ जण मारले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात एका दिवसात आठ पोलिओ कार्यकर्ते ठार झाले. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात सहा सन्मान जाहीर केले. एक या आठ जणांना मरणोत्तर, आणि एक भारतातल्या दहा लाख आशांना.

त्याच संघटनेने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून म्हटलं होतं, की अशा आरोग्यकर्मींना कामाच्या प्रमाणात पैसे द्यावेत, लेखी करार करावा आणि केवळ किंवा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर त्यांना ठेवू नये. म्हणजे ज्या पद्धतीने आशांना पैसे मिळतात, नेमकी तीच पद्धत नको म्हणणाऱ्या संघटनेकडून आशांचा गौरव झाला. ‘विमेन इन ग्लोबल हेल्थ’ या संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात किमान ६० लाख बायका आरोग्ययंत्रणेत बिनपगारी किंवा अपुऱ्या पगारावर राबतात. अहवालाने त्याला गरिबातल्या गरीब बायकांनी आरोग्ययंत्रणेला दिलेलं अनुदान म्हटलं आहे. उलटी उदाहरणंही आहेत, आणि ती श्रीमंत देशांतली नाहीत. ब्राझीलच्या सेआरा राज्यात १९८७च्या दुष्काळात बायकांना रोजगार म्हणून सुरू झालेलं काम आज अडीच लाखांवर पगारी आरोग्यदूतांचं झालं आहे; त्यांच्यासाठी २००६ मध्ये घटनादुरुस्ती झाली. पाकिस्तानच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ रस्त्यावर उतरून, कोर्टात जाऊन २०१२च्या सुमारास कायम झाल्या. केनियाने २०२३ मध्ये एक लाख आरोग्यप्रवर्तकांना भत्ता सुरू केला.

महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, त्या संपावर गेल्या आणि हजार रुपये वाढ व पाचशे कोविड भत्ता घेऊन परतल्या. २०२४च्या सुरुवातीला आझाद मैदानावर ठिय्या दिल्यावर महिन्याला पाच हजारांची वाढ मिळाली. ही रक्कम कमी नाही, राज्याने हात आखडला असं म्हणता येणार नाही. पण ती मानधनातली वाढ आहे. भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही, आणि ज्यांच्या बाळंतपणात त्या सोबत करतात त्यांच्याइतकीच त्यांनाही तिची गरज असते. शिवाय क्षयरोगाचा सर्व्हे, कुष्ठरोगाचा सर्व्हे, गोल्डन कार्ड, पोर्टलवर नोंदी, प्रत्येक नव्या मोहिमेला तीच. रात्री दोनला कळा सुरू झाल्या की फोन तिलाच. आज जमणार नाही, असं ती म्हणू शकत नाही. जिला नाही म्हणता येत नाही ती स्वयंसेविका नाही, ती नोकर आहे, आणि नोकराचा पगार ठरलेला असला पाहिजे.

आणि ते अडीचशे रुपये? २०११च्या सूचनांनुसार ते बेचाळीस दिवसांनंतर मिळतात, चार अटी पुऱ्या झाल्या तर. बाळाचं वजन कार्डावर नोंदलेलं हवं. जन्माची नोंद झालेली हवी. पहिल्या लसी दिलेल्या हव्यात. आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.